बरोबरीचे दुखणे आणि त्यावरील औषधे

छत्रपती संभाजीनगरला (पुष्कळ वाचकांच्या तोंडी अजून औरंगाबादच असेल) विज्ञान-शिक्षकांच्या एका कार्यशाळेत आम्ही 'मोजमाप आणि त्यातील चुका' या विषयावर बोलत होतो. चहाच्या सुट्टीत गप्पा बुद्धिबळाकडे वळल्या. जुलै 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तो विषय निघाला. अंतिम फेरीत तिच्यासमोर कोनेरू हंपी होती. 26 आणि 27 जुलैचे दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटले. 28 तारखेला जलद डाव लावले, तर त्यांतला पहिलाही बरोबरीत! दुसऱ्यात मात्र काळ्या मोहऱ्यांनिशी दिव्या जिंकली. पैठण तालुक्यातील एक शिक्षिका हे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "माणसं दमतात, घड्याळाकडं बघून गडबडतात, म्हणून शेवटी कुणीतरी चुकतं. पण संगणकच संगणकाशी खेळले तर? ते दमत नाहीत, गडबडत नाहीत. मग त्यांच्यातला थोरला कोण हे ठरवायचं कसं, सर?"

प्रश्न वाटला त्याहून खोल आहे. बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-आज्ञावली (त्यांना त्या क्षेत्रात 'इंजिन' म्हणतात) आज कोणत्याही माणसापेक्षा फार वरचढ आहेत, आणि त्या एकमेकींशी नेहमीच्या मांडणीपासून खेळू लागल्या की डावामागून डाव बरोबरीत सुटतात. त्यावर अनेकांनी अनेक औषधे सुचवली, काही लागूही केली. त्या औषधांची आम्ही येथे थोडी चिकित्सा करणार आहोत. आमची तक्रार आधीच सांगून टाकतो: यांतले पुष्कळ वैद्य ताप उतरला की रोग गेला असे समजतात. बरोबरीची टक्केवारी खाली आली की ते खूश.

प्रथम दुखणे किती मोठे आहे ते पाहू. 2017 साली डीपमाइंड या कंपनीच्या 'अल्फाझीरो'ने त्या वेळच्या 'स्टॉकफिश 8' या इंजिनाशी 100 डाव खेळले. अल्फाझीरोने 28 जिंकले, एकही हरले नाही, 72 बरोबरीत सुटले. पुढे 2018 मध्ये 1000 डावांच्या सामन्याचे आकडे प्रसिद्ध झाले: 155 विजय, 6 पराभव, 839 बरोबरी. आता शिक्षकांनी हे आकडे फळ्यावर लिहून वर्गाला विचारावे, की अल्फाझीरो कितपत वरचढ ठरला?

एक उत्तर असे. विजयाला एक आणि बरोबरीला अर्धा गुण धरला तर त्याला 1000 पैकी 574.5 गुण मिळाले, म्हणजे सुमारे साडेसत्तावन्न टक्के. खेळाडूंचे बळ मोजण्याची जी 'एलो' पद्धत आहे तिच्या सूत्रात ही टक्केवारी घातली, तर दोघांत जेमतेम 52 गुणांचा फरक निघतो. माणसांच्या स्पर्धेत एवढ्या फरकाकडे कुणी फारसे लक्ष देत नाही. दुसरे उत्तर असे. निकाली झालेले डाव 161. त्यांतले 155 एकाने जिंकले आणि 6 दुसऱ्याने. म्हणजे जवळजवळ सव्वीसास एक! आकडे तेच, सामना तोच, आणि एक वाचन म्हणते 'थोडासा सरस', तर दुसरे म्हणते 'मैदानात दुसरा कुणी नाहीच'.

खोट मोजपट्टीत आहे. शंभर गुणांच्या सोप्या पेपरात एकाला 97 आणि दुसऱ्याला 99 पडले तर त्यांच्यातले अंतर दोनच गुणांचे, असे आपण म्हणतो का? अनुभवी शिक्षक म्हणेल की पेपरच संपला, मुलांची धाव नाही संपली. बुद्धिबळाची नेहमीची मांडणी हा असाच सोपा पेपर झाला आहे. बरोबरी राखण्यापुरते ज्ञान दोघांकडेही आहे, आणि त्यापलीकडे कुणाला काय येते हे विचारायला तेथे जागाच नाही.

येथे एक समजूत दुरुस्त केली पाहिजे. बरोबरीमुळे निकाल 'अविश्वसनीय' होतो असे सर्रास लिहिले जाते. ते खरे नाही. वरच्या 1000 डावांतले 839 बरोबरीचे डाव चक्क पुसून टाका. उरलेल्या 161 मध्ये 155 विरुद्ध 6 हा कौल निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता किती? 161 वेळा नाणे उडवून 155 छापे पडण्याइतकी, म्हणजे नाहीच. ढोबळ नियम असा: विजय आणि पराभव यांतला फरक हा निकाली डावांच्या वर्गमुळाच्या दुपटीपेक्षा मोठा असला की तो योगायोग नसावा असे धरायला हरकत नाही. येथे फरक 149, वर्गमूळ 12.7 च्या आसपास. दुप्पट सोडा, जवळजवळ बारापट आहे. या हिशेबात बरोबरीचे डाव कोठेच आले नाहीत, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. बरोबरीचा डाव निकाल गढूळ करीत नाही. तो काही सांगतही नाही. तो नुसता वेळ खातो आणि वीज खातो.

पण ही वेळ आणि वीज थोडीथोडकी नसते, आणि खरी गोम तेथेच आहे. अल्फाझीरोच्या सामन्यात फरक मोठा होता म्हणून तो दिसला. रोजच्या कामात फरक केसाएवढे असतात. स्टॉकफिश हे इंजिन कुणा एका कंपनीचे नाही. ते सर्वांसाठी खुले आहे, कुणीही त्यात सुधारणा सुचवू शकतो. सुधारणा खरोखर सुधारणा आहे का हे पाहण्यासाठी नवी आवृत्ती जुनीशी हजारो डाव खेळते, आणि हे डाव 2013 पासून स्वयंसेवकांनी उसन्या दिलेल्या संगणकांवर चालतात. समजा, अशा एका चाचणीत शंभर डावांमागे नवी आवृत्ती 6 जिंकते, 4 हरते आणि 90 बरोबरीत सुटतात. (हे आकडे हिशेबापुरते आमचे आहेत.) मघाचा नियम लावला तर फरक पटण्यासाठी किती डाव लागतील? हजार. तेव्हा कोठे 60 विरुद्ध 40 होईल, फरक 20 आणि वर्गमुळाची दुप्पटही 20. आता निकाली डावांचे प्रमाण शंभरात दहावरून पन्नासवर नेता आले आणि त्यांतला 6 ला 4 हा वाटा तसाच राहिला, तर तोच निर्णय 200 डावांत लागेल. एक पंचमांश! बरोबरी कमी करण्याच्या खटपटीमागे ही लालसा आहे, आणि ती रास्त आहे.

आता औषधांकडे वळू. काही औषधे आम्ही दोन-दोन वाक्यांत बाजूला ठेवणार आहोत.

विजयाला तीन गुण आणि बरोबरीला एक, ही फुटबॉलमधली युक्ती अनेक खेळाडूंच्या स्पर्धेत खेळाडूंना धोका पत्करायला लावील. दोघांच्याच सामन्यात ज्याचे विजय जास्त तोच पुढे. तीन गुण द्या की तीस, क्रम हलत नाही. वेळ कमी केला तर इंजिनेही जास्त चुकतात हे खरे, पण मग आपण वेगळीच गोष्ट मोजू लागतो. बाटुमीतही शेवटी जे ठरले ते जलद डावांवर ठरले. 2018 च्या लंडन येथील जागतिक अजिंक्यपदाच्या लढतीत कार्लसन आणि कारुआना यांचे बाराच्या बारा दीर्घ डाव बरोबरीत सुटले आणि मग जलद डावांत कार्लसनने 3-0 अशी बाजी मारली. अजिंक्यवीर मिळाला. पण बारा डावांनी जो प्रश्न विचारला होता त्याचे उत्तर त्या तीन डावांनी दिले का?

नियम बदलण्याची सूचना जरा सविस्तर पाहण्याजोगी आहे. 1920 च्या दशकात कापाब्लांका या जगज्जेत्यालाच बुद्धिबळ बरोबरीने मरेल अशी धास्ती वाटली आणि त्याने मोठा पट, जास्त मोहरी अशी योजना मांडली. (गंमत अशी की 1927 मध्ये अलेखिनशी झालेल्या त्याच्या लढतीत 34 पैकी 25 डाव बरोबरीत सुटले खरे, पण उरलेल्या नऊंत सहा हरून पद त्यानेच घालवले.) अलीकडे माजी जगज्जेता क्रामनिक याने किल्लेकोट बंद करावा असे सुचवले, आणि त्याने व डीपमाइंडच्या शास्त्रज्ञांनी मिळून अल्फाझीरोला नऊ प्रकारच्या बदललेल्या नियमांनी स्वतःशीच खेळवून पाहिले. तो अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. त्यातली एक गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. राजाला शह नाही, पण चालायला एकही चाल नाही, अशी कोंडी झाली की आजच्या नियमाने डाव बरोबरीत सुटतो. ही कोंडी विजय मानली तर बरोबरी पुष्कळ कमी होईल, असे कुणालाही वाटेल. क्रामनिकलाही वाटले होते. पण निकाली डावांचे प्रमाण जवळपास होते तेवढेच राहिले!

आपल्याकडच्या जुन्या देशी बुद्धिबळात यापेक्षा शहाणी कल्पना होती, असे म्हणावेसे वाटते. प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची, आणि प्रतिपक्षाची सगळी मोहरी मारली जाऊन राजा एकटाच उरला तर ती 'बुर्जी', हिचा हिशेब मातेपेक्षा वेगळा. जिंकणे आणि न जिंकणे यांच्यामध्ये पायऱ्या ठेवलेल्या. आपण गणिताच्या उत्तरपत्रिकेत शेवटचे उत्तर चुकले तरी मधल्या पायऱ्यांना गुण देतो, त्यातलाच हा प्रकार. मापनाच्या दृष्टीने पाहता पायऱ्या वाढल्या की माहिती वाढते. पण इंजिनांच्या दुखण्यावर याचाही उपयोग बेताचाच असावा, कारण त्यांचे बहुतेक बरोबरीचे डाव राजा एकटा उरण्याच्या फार आधीच थंड पडलेले असतात. देशी नियमांनी खेळणारे इंजिन एखाद्या विद्यार्थ्याने जरूर लिहून पाहावे. आम्हाला त्याचे आकडे पाहायला आवडतील.

ज्या औषधाने खरोखर गुण आला ते अगदी साधे आहे, आणि ते बुद्धिबळाचे नव्हेच. चेकर्स हा पाश्चात्त्यांचा सोंगट्यांचा खेळ. 1863 साली वायली आणि मार्टिन्स यांच्यातल्या लढतीत 40 च्या 40 डाव बरोबरीत सुटले. दोघेही त्याच त्या सुरक्षित वाटेने जात. उपाय म्हणून पुढे खेळाडूंचे सुरुवातीच्या चालींचे स्वातंत्र्यच काढून घेतले. प्रथम दोन चाली, आणि 1934 पासून अमेरिकेत तीन चाली, चिठ्ठी काढून ठरवायच्या. चिठ्ठीत एका बाजूला अन्याय करणारी सुरुवात आली तर? हरकत नाही. तीच सुरुवात बाजू बदलून पुन्हा खेळायची. अन्याय दोघांच्याही वाट्याला सारखाच.

इंजिनांच्या आजच्या सामन्यांत हेच करतात. 2010 साली सुरू झालेल्या 'टीसेक' या इंजिनांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात शंभर डाव असतात, सुरुवातीच्या चाली आधीच ठरवून दिलेल्या, आणि प्रत्येक सुरुवात दोनदा, मोहरी बदलून. येरून नोमन या डच जाणकाराने अशा सुरुवाती निवडण्यात वर्षानुवर्षे घालवली. स्टेफान पोल यांनी माणसांनी खेळलेल्या डावांतून मुद्दाम पांढऱ्याकडे झुकलेल्या सुरुवातींचे मोठाले संच केले, आणि स्टॉकफिशच्या चाचण्यांतही तसे संच वापरले जाऊ लागले. बरोबरीची टक्केवारी धाडकन खाली आली. औषध लागू पडले.

आणि नेमके येथेच ताप आणि रोग यांतला फरक विसरला जातो. पुन्हा शंभर डाव घ्या, म्हणजे पन्नास जोड्या. सुरुवाती इतक्या झुकत्या निवडल्या की 40 जोड्यांत जो पांढरा तोच जिंकला: एक तुम्ही, एक मी. उरलेल्या दहा जोड्यांपैकी 6 मध्ये नव्या आवृत्तीने पांढऱ्याने जिंकून काळ्याने बरोबरी राखली, आणि 4 मध्ये जुनीने तसे केले. मोजा आता. निकाली डाव 90, बरोबरी फक्त 10. मघाशी नेमके उलटे होते, 90 बरोबरी आणि 10 निकाली. वार्ताहर लिहील की बरोबरीचे उच्चाटन झाले. पण हाती आलेली माहिती? सहा विरुद्ध चार. तीच, तेवढीच. बरोबरी मेली नाही, ती डावातून उठून जोडीत जाऊन बसली. म्हणून निकाली डाव किती झाले हा आकडा दिमाखाने छापणाऱ्यांवर आमचा रोख आहे. मोजायला हव्यात त्या विषम जोड्या, म्हणजे जेथे दोघांना सारखे गुण मिळाले नाहीत अशा. स्टॉकफिशच्या चाचण्या करणारे हे जाणतात. ते जोडीचा हिशेब जोडी म्हणूनच करतात. जाहिरातवजा लिहिणारे जाणत नाहीत.

मग सुरुवात किती झुकती असावी? दहावीचे बीजगणित पुरे आहे. समजा, दोन तुल्यबळ इंजिने आहेत, एखाद्या सुरुवातीतून पांढरा जिंकण्याची संभाव्यता प आहे, नाहीतर बरोबरी, काळा कधीच जिंकत नाही, आणि जोडीतले दोन डाव एकमेकांवर अवलंबून नाहीत. जोडी विषम होण्याची संभाव्यता येते 2प(1−प). प एक दशांश असेल तर शंभरात 18 जोड्या विषम. प नऊ दशांश असला तरी 18. आणि प अर्धा असताना सर्वांत जास्त, 50. म्हणजे सुरुवात जिंकणे आणि बरोबरी यांच्या अगदी उंबरठ्यावर उभी हवी. समतोल नको, आणि आंधळेपणाने झुकतीही नको. ज्या प्रश्नाचे उत्तर अर्ध्या वर्गाला येते तोच प्रश्न मुलांमुलांतला फरक सर्वांत चांगला दाखवतो, हे परीक्षाशास्त्रातले जुने सूत्र आहे आणि त्याचे गणित हेच आहे. सर्वांना येणारा प्रश्न आणि कुणालाच न येणारा प्रश्न यांत या एका बाबतीत काही फरक नसतो.

हा उंबरठा पुढे इतका महत्त्वाचा ठरला की स्टॉकफिशने आपले एककच त्यावर बेतले. पूर्वी इंजिने स्थितीचे मूल्य प्याद्यांच्या किमतीत सांगत. एका प्याद्याइतका वरचढपणा म्हणजे अधिक एक. डिसेंबर 2022 मधील 15.1 या आवृत्तीपासून अधिक एक याचा अर्थ झाला: ठरावीक वेळेच्या स्वतःशीच खेळलेल्या डावांत जिंकण्याची संभाव्यता निम्मी असलेली स्थिती. तापमापकावर पाणी उकळण्याचा बिंदू कोरावा तसे हे झाले.

इतके झाल्यावर आमचे दोन आक्षेप उरतात. सुरुवात उंबरठ्यावर आहे हे ठरवते कोण? इंजिनच. परीक्षार्थींच्याच जातकुळीतला परीक्षक प्रश्न निवडतो आणि त्या प्रश्नांवर परीक्षार्थींची निवड होते. सगळ्या इंजिनांचा एखाद्या प्रकारच्या स्थितीबद्दल सारखाच गैरसमज असेल, तर तो अशा चाचणीत उघडकीस कसा येणार? दुसरा आक्षेप शिक्षकांना जास्त जवळचा वाटेल. एकाच साच्याच्या सुरुवातींवर हजारो सुधारणा तावूनसुलाखून घेतल्या, तर इंजिन बुद्धिबळात तरबेज होते की त्या साच्यात? गाईड घोकून आलेला विद्यार्थी आपण सर्वांनी पाहिला आहे. दोन्ही आक्षेपांना तोड एकच दिसते: समतोल सुरुवातींच्या चाचण्याही अधूनमधून घेत राहाव्यात, त्या कितीही कंटाळवाण्या आणि खर्चिक असोत.

शाळेत हे सर्व करून पाहायला संगणक लागत नाही. फुली-गोळा घ्या. दोघेही जाणते असतील तर प्रत्येक डाव बरोबरीत, हे चौथीतल्या मुलालाही ठाऊक असते. आता पहिल्या दोन खुणा सक्तीच्या करा: फुली मधल्या घरात, गोळा एखाद्या कडेच्या मधल्या घरात. ही सुरुवात गोळ्याला हरवणारी आहे. फुलीने गोळ्याशेजारचा कोपरा घ्यावा, गोळ्याला समोरचा कोपरा अडवावाच लागतो, मग फुलीने पहिल्या कोपऱ्याच्या दुसऱ्या बाजूचे, कडेचे मधले घर घेतले की दोन ठिकाणी एकदम तीन जुळू पाहतात. गोळा एकच अडवू शकतो. पाचवीच्या मुलांना ही सुरुवात बाजू बदलून दोनदा खेळायला द्या. कुणाला ही युक्ती सापडेल, कुणाला नाही, आणि काही जोड्या विषम येतील. नंतर तोच कागद शिक्षकांच्या खोलीत न्या. तेथे प्रत्येक जोडी 1-1 सुटेल.

फुली-गोळ्यात जाणत्यांसाठी उंबरठा असा नाहीच. प्रत्येक सुरुवात एक तर पक्की बरोबरीची, नाहीतर पक्की जिंकलेली. 2007 साली शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की दोन्ही बाजू निर्दोष खेळल्या तर चेकर्सचा डाव बरोबरीतच सुटतो. बुद्धिबळाबाबत असे काही सिद्ध झालेले नाही. पण इंजिने जसजशी निर्दोष खेळाच्या जवळ जातील तसतसा उंबरठा अरुंद होत जाईल, आणि त्यावर नेमक्या बसणाऱ्या सुरुवाती शोधणे अवघड होत जाईल. त्या शिक्षिकांना आम्ही त्या दिवशी एवढेच सांगू शकलो, की थोरला ठरवता येतो तो दोघेही अजून चुकतात म्हणून. त्या म्हणाल्या, "आणि चुकेनासे झाले म्हणजे?" तेवढ्यात पुढच्या सत्राची घंटा झाली.